स्थलांतरिताचा मुलगा, मुंबईचा धन्वंतरी : डॉ. भाऊ दाजी लाड

सुट्टीत मुंबईला गेलेली आपली कुटुंबे मुलांना एकदा तरी भायखळ्याची राणीची बाग दाखवायला नेतात. बागेच्या आवारात एक जुनी, देखणी इमारत आहे. जवळच घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. मुले हत्तीपाशी घटकाभर रेंगाळतात आणि मग प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे पळतात. इमारतीवरचे नाव वाचायला फारसे कोणी थांबत नाही. ते नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे आहे. मुंबईतील या सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. त्याआधी शंभर वर्षे तेथे इंग्लंडच्या राणीचे व तिच्या पतीचे नाव होते.

आजच्या पानावर या थोर पुरुषाचा परिचय करून देण्यास एक खास कारण आहे. उम्म अल हस्समच्या इमारतींतून राहणाऱ्या आपल्या घरांत, आणि मनामा, गुदैबिया, ईसा टाऊन या भागांतल्या घरांतही, दरवर्षी एकच चर्चा चालते. मुलगा किंवा मुलगी बारावी होत आली, आता पुढे काय? आईबाप एका मुलखातून आले, मूल दुसऱ्या मुलखात वाढले. गावची शेती त्याला ठाऊक नाही, आणि इथे जमीनजुमला नाही. अशा मुलाने कशाच्या आधारावर उभे राहावे? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तो एका गोमंतकीय बापालाही पडला होता. त्याच्या मुलाने त्याचे उत्तर कसे दिले, ते पाहण्यासारखे आहे.

गोव्याहून मुंबई बेटावर

भाऊंचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. त्यांच्या वडिलांना दाजी म्हणत, म्हणून मुलगा पुढे भाऊ दाजी या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांचा जन्म १८२२ साली गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे महालात, मांद्रे गावी, सारस्वत कुटुंबात झाला. हा पेडणे महाल १७८८ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबई होती इंग्रजांची. तेव्हा गोव्याहून मुंबईला येणे म्हणजे एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत येणे होते. कागदपत्रांची भाषा बदलत होती, नाणे बदलत होते, कायदाही बदलत होता.

त्या काळी कोकणपट्टीची माणसे शिडाच्या गलबतांतून मुंबईला येत. आपल्यापैकी काहींच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईहून बहरीनपर्यंतचा प्रवास ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीने केला आहे. त्या बोटींतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ साली बंद झाली. ज्यांनी डेकवर वळकटी पसरून असा प्रवास केला असेल, त्यांना दाजींच्या प्रवासाची कल्पना सांगावी लागणार नाही. जवळ पैसा थोडा, ओळखी त्याहून थोड्या, आणि मुलाचे भले व्हावे एवढी एकच आशा.

मुंबईत दाजींचे दिवस कष्टाचे होते. मातीच्या मूर्ती आणि बाहुल्या करून विकण्यावर त्यांचा प्रपंच चाले, असे सांगतात. मुलगा मात्र तल्लख निघाला. बुद्धिबळात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिकवा असा सल्ला वडिलांना दिला, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. सल्ला देणे सोपे होते. कमावत्या हाताची गरज असलेल्या घरात मुलगा शाळेत ठेवणे, आणि तेही अनेक वर्षे, हे अवघड होते. दाजींनी ते केले. भाऊंच्या पुढच्या मोठेपणात या अबोल बापाचा वाटा पहिला आहे.

विद्यार्थी आणि शिक्षक

भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. त्या काळची ही मुंबईतील अग्रगण्य शिक्षणसंस्था होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर तेथे अध्यापक होते, आणि दादाभाई नौरोजी तेथलेच विद्यार्थी. मराठी, गुजराती, पारशी, गोमंतकीय अशा सर्व जातिधर्मांची मुले एका बाकावर बसत. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी, अशी त्यांची अवस्था असे. आपल्या मुलांची याहून वेगळी नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, रस्त्यावर अरबी व मल्याळम कानांवर पडते. याचा बाऊ करणारे पालक पुष्कळ आहेत. भाऊंच्या बाबतीत ही अनेक भाषांची सवय पुढे मोठे भांडवल ठरली. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि संस्कृत या सर्वांशी त्यांचा घरोबा झाला.

कच्छ आणि काठेवाडात काही जमातींत जन्मलेल्या मुलीला मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर उत्तम निबंध लिहिणाऱ्यास पारितोषिक जाहीर झाले. भाऊ त्या वेळी विशीत होते. त्यांचा निबंध पारितोषिकास पात्र ठरला आणि त्यांचे नाव मुंबईभर झाले. शिकलेल्या विद्येचा उपयोग समाजातल्या जखमेवर बोट ठेवण्यासाठी करायचा, हे वळण त्यांना इतक्या लवकर लागले होते. ज्या एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले, तेथेच त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. ते पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवू लागले.

पोर्तुगीज मुलखातून आलेल्या गरीब कारागिराचा मुलगा इंग्रजांच्या नामांकित संस्थेत शिक्षक झाला, एवढ्यावरच घर कृतार्थ झाले असते. पगार ठराविक होता आणि मान मोठा होता. आपल्यातल्या पुष्कळांनी तेथेच थांबण्याचा सल्ला दिला असता.

पुन्हा बाकावर

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मुंबईचे दिवंगत गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव त्याला दिले होते. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. त्याला आपण आजही जे. जे. म्हणतो. याआधी १८२६ मध्ये मुंबईत देशी लोकांसाठी एक वैद्यकशाळा काढण्यात आली होती, पण ती सहा वर्षांत बंद पडली होती. त्यामुळे या नव्या कॉलेजाचे काय होणार, याविषयी कोणालाच खात्री नव्हती. येथली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याकडे रोगी येतील का, गोऱ्या डॉक्टरांच्या पंक्तीत त्याला जागा मिळेल का, हे कोणी सांगू शकत नव्हते.

भाऊंनी शिक्षकाची जागा मागे ठेवली आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. वय तेविसाच्या आसपास होते. अडचण केवळ पैशाची नव्हती. वैद्यकी शिकायची तर शवविच्छेदन करावे लागे. प्रेताला हात लावणे हे त्या काळच्या उच्चवर्णीय हिंदू घराला न परवडणारे होते. नातलगांत कुजबुज होई, पंक्तीतून उठवले जाण्याची धास्ती असे. स्थलांतरित घराला हा धाक जास्तच जाचतो, कारण परक्या ठिकाणी जातभाईंचा आधार हाच मोठा आधार असतो. तो तुटला तर पाठीशी कोण उभे राहणार? हा धोका पत्करून पहिल्या तुकडीतले विद्यार्थी शिकले.

१८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत आठ जण होते. भाऊ दाजींबरोबर त्यात आत्माराम पांडुरंग होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत ते अग्रभागी राहिले. काही पारशी होते आणि काही गोमंतकीय ख्रिस्ती होते. म्हणजे मुंबई बेटावर बाहेरून येऊन वसलेल्या समाजांचीच मुले या पहिल्या आठांत दिसतात. यात नवल नाही. ज्यांना वतन आणि वाडवडिलांची जमीन असते, त्यांना नवी विद्या ही हौस वाटते. ज्यांना ती नसते, त्यांना ती गरज असते.

नोकरी की व्यवसाय

पदवी मिळताच भाऊंना सरकारी वैद्यकीय खात्यात सब-असिस्टंट सर्जनची जागा मिळाली. हुद्द्यातच त्या जागेची मर्यादा होती. देशी डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्या वर गोरा सर्जन असणारच. भाऊंनी थोड्याच काळात ती नोकरी सोडली आणि स्वतःचा दवाखाना थाटला.

त्या काळच्या मुंबईत लोकांचा भरवसा वैद्य-हकिमांवर होता. इंग्रजी औषधाने धर्म बुडतो अशी समजूत होती. अशा वेळी भाऊंनी रोग्यांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा, त्यांच्या पथ्यपाण्याच्या कल्पना जाणणारा डॉक्टर म्हणून जम बसवला. धनिक सावकारांपासून गरीब मजुरांपर्यंत सर्व थरांतील माणसे त्यांच्याकडे येत. धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातच शिकून डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. थोरल्याने वाट पाडायची आणि धाकट्याला त्या वाटेने न्यायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत त्यांनी पाळली. नारायणराव पुढे एक निष्णात छायाचित्रकार म्हणूनही नावाजले. छायाचित्रणाची कला मुंबईत नुकतीच आली होती, आणि तिचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या हिंदी लोकांत त्यांची गणना होते.

महारोगावर भाऊंनी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. महारोग्याला त्या काळी घर आणि गाव दोन्ही पारखे होत. भाऊंनी जुने संस्कृत वैद्यकग्रंथ काढले, त्यांतल्या वनस्पती धुंडाळल्या आणि त्या रोग्यांवर वापरून पाहिल्या. कडू कवठाच्या बियांच्या तेलावर त्यांचा भर होता. त्यांच्या औषधाने बरे वाटल्याची अनेक उदाहरणे पुढे आली आणि लांबलांबून रोगी येऊ लागले. मात्र औषधाची कृती त्यांनी उघड केली नाही, आणि याबद्दल समव्यवसायी डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली. ती टीका अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. विद्या उघड झाली तरच दुसरा ती पडताळून पाहू शकतो. पुढे याच जातीच्या झाडांचे तेल जगभर महारोगावर वापरले गेले, आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत डॉक्टरांना तोच मुख्य आधार होता. भाऊ योग्य दिशेने चालले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

डॉक्टरची साक्ष

१८६२ साली मुंबईत एक खटला गाजला. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. महाराजांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली. करसनदासांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहणे म्हणजे बड्या धनाढ्य भाटिया-वाणी समाजाचा रोष ओढवून घेणे होते. भाऊ दाजींनी या महाराजांवर औषधोपचार केले होते. त्यांना कोर्टात बोलावण्यात आले आणि त्यांनी डॉक्टर म्हणून आपल्याला जे माहीत होते ते शपथेवर सांगितले. त्यांची साक्ष संपादकाच्या बाजूने महत्त्वाची ठरली, आणि मुख्य आरोपातून करसनदास सुटले.

रोग्याचे गुपित डॉक्टरने राखावे हा या व्यवसायाचा धर्म आहे. न्यायासनापुढे खरे बोलावे हा नागरिकाचा धर्म आहे. दोन धर्मांची अशी गाठ पडते तेव्हा निर्णय सोपा नसतो. भाऊंनी घेतलेला निर्णय त्यांना पैशाच्या दृष्टीने तोट्याचाच होता, कारण त्यांचे कित्येक श्रीमंत रोगी त्याच समाजातले होते. ज्या शहरात आपण बाहेरून आलो, तेथल्या बलवंतांना दुखवायचे नाही, हे स्थलांतरिताचे शहाणपण असते. भाऊ त्याच्या पुढे गेले होते. मुंबई आता त्यांची झाली होती.

शहर आपलेसे केले

भाऊंचे आयुष्य दवाखान्याच्या चार भिंतींत मावले नाही. १८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली, तेव्हा नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष आणि तिशीतले भाऊ दाजी तिचे चिटणीस झाले. हिंदी लोकांची गाऱ्हाणी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्जाने मांडण्याचे काम या संस्थेने केले. काँग्रेसची स्थापना त्यानंतर तेहतीस वर्षांनी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी मनापासून पुरस्कार केला. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली होती. तिने मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष भाऊ दाजी होते. जन्मलेल्या मुलीला मारू नका असे निबंधात लिहिणारा तरुण पुढे त्याच मुलीच्या हाती पाटी देण्यासाठी झटला, असा हा सरळ धागा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या हिंदी फेलोंमध्येही त्यांचा समावेश होता.

नाटकाची आवड असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ च्या सुमारास आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा परक्या शहरात त्यांना ज्यांनी हात दिला त्यांत भाऊ दाजी प्रमुख होते. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात भाव्यांनी हिंदी भाषेत राजा गोपीचंदाचा खेळ केला, त्यामागेही भाऊंची प्रेरणा होती. आज बहरीनमध्ये गणेशोत्सवात मराठी नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींनी हा आपला पूर्वज ओळखून ठेवावा.

रोगी तपासून उरलेल्या वेळात भाऊंनी प्राचीन इतिहासाचा अभ्यास केला. तोही वरवरचा नव्हता. गिरनारच्या पायथ्याशी असलेला रुद्रदामनाचा शिलालेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, कालिदासाचा काळ, यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुण पंडिताला त्यांनी १८६१ मध्ये मुंबईस बोलावून घेतले. त्यांना स्वखर्चाने देशभर फिरवले आणि शिलालेखांचे ठसे घेण्याच्या कामाला लावले. पुढे भगवानलाल मोठे पुरातत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धी पावले. डॉक्टरकीची मिळकत कोठे जात होती, त्याचे हे एक उत्तर आहे.

राहिले वस्तुसंग्रहालय. फोर्टमधल्या बराकीत ठेवलेला जुना संग्रह १८५७ च्या धामधुमीत इकडेतिकडे झाला होता. तो सावरून शहरासाठी कायमची इमारत उभारायचे ठरले. या कामी जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमवली आणि वस्तू गोळा केल्या. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. १८७२ मध्ये संग्रहालय लोकांना खुले झाले. मधली दहा वर्षे कशी गेली, ते आता पाहू.

लक्ष्मी आली आणि गेली

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथला कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर कागदावर कितीतरी पटींनी चढले. शेटसावकार, वकील, डॉक्टर, कारकून, सगळे या भरात वाहून गेले. इतिहासात याला शेअर मॅनिया म्हणतात. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याबरोबर सारा डोलारा जमीनदोस्त झाला.

भाऊ दाजीही यातून सुटले नाहीत. जन्मभराच्या कमाईला मोठा फटका बसला. संग्रहालयाची वर्गणी अडली, इमारतीचे काम रखडले, आणि अखेर ते सरकारच्या पैशाने पूर्ण करावे लागले. वय त्रेचाळीस होते. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्या बापाचा मुलगा फिरून जवळजवळ जेथून निघाला तेथे आला, असे कोणाला वाटले असेल.

तसे झाले नाही. पैसा गेला, पण नाडीपरीक्षा गेली नव्हती. दवाखान्याचे दार दुसऱ्या दिवशीही उघडता येत होते. लोकांचा विश्वास शेअरबाजारात ठेवलेला नव्हता, म्हणून तो बुडाला नाही. या आपत्तीनंतर, १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये, ते मुंबईचे शेरीफ झाले. शहराने ज्याची पत मानली तो माणूस श्रीमंत असण्याची गरज नव्हती. ज्या वर्षी संग्रहालय उघडले, तेव्हा भाऊंच्या हाती पूर्वीची संपत्ती नव्हती. तरीही ते काम त्यांचेच म्हणून ओळखले गेले.

शेवटच्या दिवसांत त्यांना पक्षाघाताने गाठले. ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी शिलालेख शोधीत भगवानलाल त्या वेळी दूर नेपाळात होते. पुढच्याच वर्षी बंधू नारायणरावही वारले. मित्रांनी आणि चाहत्यांनी भाऊंच्या नावाने मुलींच्या शाळेसाठी निधी उभारला. त्यांचे विखुरलेले शोधनिबंध १८८८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. माटुंग्याच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. संग्रहालयाची इमारत मधल्या काळात जीर्ण झाली होती. तिची नेटकी दुरुस्ती झाली, आणि २००५ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी

भाऊ दाजींच्या मुंबईचे आणि आपल्या बेटाचे नाते फार जुने आहे. बहरीनच्या समुद्रातला मोती त्या काळी मुंबईच्या बाजारात विकला जाई. बहरीनच्या शेखांनी इंग्रजांशी १८६१ मध्ये जो करार केला, तेव्हा आखाताचा राजकीय कारभार मुंबई सरकारच्या देखरेखीखाली होता. आपला रुपया इथे १९६५ पर्यंत चालत होता. त्या मुंबईने एका गोमंतकीय मुलाला मोठे केले आणि त्याने मुंबईला मोठे केले, ही हकीकत आपल्याला परकी नाही.

मात्र एक फरक नजरेआड करून चालणार नाही. भाऊंना मुंबई सोडून जावे लागेल अशी भीती नव्हती. आपल्या मुलांचे इथले राहणे आधी वडिलांच्या आणि मग स्वतःच्या नोकरीच्या परवान्यावर अवलंबून असते. कोणाला भारतात, कोणाला आणखी तिसऱ्या देशात जावे लागते. म्हणून तर विद्येचे महत्त्व आपल्याला अधिक आहे. सीमेवरचा अधिकारी सामान तपासतो, पण हातातले कसब त्याला काढून घेता येत नाही. आता बहरीनमध्येच वैद्यकशास्त्र शिकण्याची सोय आहे. आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे विद्यापीठ २००४ पासून इथे आहे. खर्च मोठा आहे हे खरे. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी भारतातली कॉलेजे आहेत, आणि डॉक्टरकीखेरीज परिचर्या, औषधशास्त्र, हिशेबतपासणी, अध्यापन असे कितीतरी व्यवसाय आहेत.

मुलांना विषय निवडताना आपण पगाराचा आकडा आधी विचारतो. आईबापांनी परमुलखात काढलेले कष्ट पाहता त्यात गैर काही नाही. दाजींनीही मुलाला शाळेत घातले ते पोटाचा विचार करूनच. पण भाऊंनी मिळालेल्या पहिल्या सुरक्षित जागेवर मुक्काम केला नाही. शिक्षकाची जागा सोडून ते विद्यार्थी झाले, सरकारी हुद्दा सोडून स्वतंत्र झाले, आणि दोन्ही वेळा त्यांनी मिळकतीपेक्षा कसब वाढेल तिकडे पाऊल टाकले. ज्या एका ठिकाणी त्यांनी झटपट पैशाच्या मागे पाऊल टाकले, तेथेच त्यांना ठेच लागली. आजही मोबाइलवर शेअर आणि त्याहून फसव्या गोष्टींचा मोह दाखवणारे थोडे नाहीत. मुलांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

दुसरी गोष्ट शहराशी असलेल्या नात्याची. आपण इथे पाहुणे, चार पैसे साठवायचे आणि गावी घर बांधायचे, अशी एक वृत्ती आपल्यात आहे. भाऊंनी कमावले त्यातले पुष्कळसे ज्या शहरात राहिले त्या शहरालाच परत दिले. कोणाला शाळा मिळाली, कोणाला दवाखाना, कोणाला पुस्तक, तर कोणाला नाट्यगृहाचे दार. उम्म अल हस्सममध्ये राहणारा आपला डॉक्टर आठवड्यातून एक संध्याकाळ मजूर बांधवांच्या तपासणीसाठी देऊ शकतो. आपला इंजिनिअर शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवू शकतो. त्यासाठी शेरीफ व्हावे लागत नाही, आणि नागरिकत्वाचा कागदही लागत नाही.

आपल्या घरात यंदा बारावीला बसणारे मूल असेल, तर भाऊंचे हे चरित्र त्याच्यापुढे ठेवावे. मग विषय त्यालाच निवडू द्यावा. निवड झाली की दाजींसारखे मागे उभे राहावे, आणि धाकट्या भावंडालाही त्या वाटेवर आणण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी.